किडनीच्या पेशंटचं ताट: रिपोर्ट समोर ठेवून पथ्य कसं ठरवायचं

आईचं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात साठणारा कचरा) वाढलंय हे कळलं, आणि आम्ही सगळ्यात आधी तिचं खाणं काढून घेतलं. डाळ बंद, मासे बंद, दूध बंद, फळं बंद. शेजारच्या काकूंनी टोमॅटो बंद करायला सांगितले. मोबाईलवर एक यादी आली, तिच्यातून आणखी दहा पदार्थ गेले. तीन महिन्यांत आईचं वजन ५८ किलोवरून ५२ वर आलं. लालबागच्या आमच्या चाळीचा जिना चढताना ती दोनदा कठड्याला धरून थांबायला लागली.

मग आहारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "यांचं पोटॅशियम किती आहे?" आम्हाला ठाऊक नव्हतं. फाईल आमच्याच पिशवीत होती आणि आकडा तिच्यात होता, ४.४. म्हणजे अगदी नॉर्मल. तीन महिने आईनं एक फळ खाल्लं नव्हतं, आणि ते तोडण्याची काही गरजच नव्हती.

म्हणून नव्यानं या वाटेला लागलेल्या घरांना मी आधी हेच सांगते. किडनीच्या आजाराचं एकच पथ्य नसतं. तुमच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये काय वाढलंय, काय कमी आहे आणि आजार कुठल्या टप्प्यावर आहे, यावर ताट ठरतं. शेजारच्या पेशंटला जे बंद आहे ते तुमच्याकडे चालू शकतं, आणि त्याला चालणारं तुमच्याकडे घातक ठरू शकतं. खाली लिहिलंय ते डॉक्टरांशी आणि आहारतज्ज्ञांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून. त्यांच्याऐवजी ते वापरू नका.

पहिलं पाऊल: फाईल उघडा आणि आकडे एका कागदावर उतरवा

ईजीएफआर, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, बायकार्बोनेट, लघवीतून जाणारं प्रथिन, आणि डायबेटिस असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. प्रत्येकासमोर तारीख लिहा. पुढच्या वेळी त्याच कागदावर शेजारी नवा आकडा लिहायचा.

ईजीएफआर म्हणजे किडनी किती काम करते आहे याचा अंदाज. ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर तो दीर्घकालीन आजार धरतात. ३० च्या खाली चौथा टप्पा, १५ च्या खाली पाचवा. पहिल्या दोन-तीन टप्प्यांत बहुतेकांना फळं-भाज्या तोडायची गरज नसते. तिथं खरं काम असतं मीठ, ब्लडप्रेशर आणि साखर सांभाळण्याचं. पोटॅशियम आणि फॉस्फरसची बंधनं ते आकडे वाढू लागल्यावर येतात.

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. अचानक वाढलेलं दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. ते कदाचित तपासणी पुन्हा करायला सांगतील, कारण रक्त काढताना त्यातल्या पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढलेला येतो. पण तसंच असेल असं घरच्या घरी ठरवू नका.

दुसरं पाऊल: मीठ. हे सगळ्यांसाठी आणि आजपासून

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या घरात मीठ अंदाजानं, चिमटीनं पडतं, त्यामुळे किती पडतंय हे कुणालाच माहीत नसतं.

आम्ही एक उपाय केला तो अजून चालू आहे. सकाळी आईच्या वाट्याचं पाऊण चमचा मीठ एका छोट्या स्टीलच्या डबीत काढून ठेवते. उरलेला पाव चमचा पाव, बिस्किटं अशा विकतच्या वस्तूंत आधीच असतो असं धरायचं. भाजी-आमटी मिठाशिवाय शिजवायची, तिचा वाटा बाजूला काढायचा, त्यात डबीतलं मीठ घालायचं आणि मग बाकीच्यांच्या भांड्यात आपलं नेहमीचं. संध्याकाळी डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं मीठ संपलं. पहिले पंधरा दिवस आई रोज म्हणायची, "अगं, कशालाच चव नाही." तिसऱ्या आठवड्यात तिनं आमच्या वाटीतली आमटी चाखली आणि खारट म्हणून परत ठेवली. जीभ बदलते, पण तिला तेवढे दिवस द्यावे लागतात.

चव आणायला आपल्याकडे पुष्कळ आहे. लिंबू, आमसूल, लसूण, आलं, जिऱ्याची फोडणी, कढीपत्ता, मिरी. बांगड्याच्या कालवणात तिरफळं आणि आमसूल असली की मीठ निम्मं असूनही ताटात काही उणं वाटत नाही. मसाला गिरणीतून कुटून आणत असाल तर तो टिकवायला खडा मीठ घालू नका. तयार मसाल्याच्या पाकिटावर मीठ लिहिलंय का ते वाचा.

मुंबईत मीठ येतं ते बहुतेक बाहेरून. फरसाण, शेव, वेफर्स, लोणचं, पापड, खारी, सॉस, इन्स्टंट नूडल्स, पॅकबंद सूप. पाव गोडसर लागतो, तरी त्यात मीठ असतंच. भजी-ढोकळ्यातला खायचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियमच आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा घरोघरी सुकी मासळी निघते. खारवलेला बांगडा कितीही धुतला तरी किडनीच्या पेशंटसाठी नाही. सैंधव आणि काळं मीठ यांनाही सवलत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच.

आता इथं नीट लक्ष द्या. दुकानात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालतं, किडनीच्या पेशंटला ते धोक्याचं ठरू शकतं. आम्ही ते मोठ्या विश्वासानं आणलं होतं. पुढे काय झालं ते सांगते.

तिसरं पाऊल: प्रथिनं मोजा, तोडू नका

डायलिसिस नसलेल्या, तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या मोठ्या माणसाला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिन सांगतात. काहींना डॉक्टर आणखी कमी सांगतात, पण ते त्यांच्या देखरेखीखालीच करायचं. आई तेव्हा ५२-५४ किलोची होती, म्हणजे दिवसाला साधारण ४३ ग्रॅम.

आमच्या घरातलं गणित असं बसलं. तीन चपात्या ९ ग्रॅम. दोन्ही वेळचा मिळून ६० ग्रॅम तांदळाचा भात, ४ ग्रॅम. सकाळचे पोहे ३. पंचवीस ग्रॅम डाळीचं वरण ६. दूध-दही मिळून २०० मिली, ६ ग्रॅम. माशाची साठ ग्रॅमची एक तुकडी ११. भाज्यांचे ३-४. मासा नसेल त्या दिवशी अंडं, साधारण ६ ग्रॅम, आणि थोडी जास्त डाळ. म्हणजे आम्ही तोडलेले डाळ, मासा, दूध तिन्ही परत आले, फक्त मोजून. हे आकडे ढोबळ आहेत, पण स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आठवडाभर वापरलात की तुमचा हात बसेल.

प्रथिनं मोजकी ठेवायची तर पोट भरायला दुसरं काही हवं. भात, तेल, थोडं तूप, पोहे, शेवया, साबुदाणा. ऊर्जा कमी पडली की शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं आणि त्याचा कचरा पुन्हा किडनीवरच येतो. आईचं सहा किलो वजन गेलं ते असंच. डायबेटिस असेल तर हा हिशेब वेगळा बसतो, तो आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

डायलिसिस सुरू झालं की चक्र उलटं फिरतं. डायलिसिसमध्ये प्रथिनांचा काही भाग निघून जातो, म्हणून दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत लागतं. कितीतरी घरांत डायलिसिस सुरू होऊन वर्ष झालं तरी जुनंच पथ्य चालू असतं आणि माणूस खंगत जातो. तुमच्याकडे तसं होऊ देऊ नका. अंड्याचा पांढरा भाग इथं फार कामाचा, एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीच. बाजारातले प्रोटीनचे डबे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. डायलिसिसवर असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे डबे वेगवेगळे असतात.

चौथं पाऊल: वाचा सगळ्यांनी, पण पोटॅशियमचं पथ्य ते वाढलं असेल तरच, आणि मग काटेकोर पाळा

मे महिना होता, घामाच्या धारा. आईचा आजार चौथ्या टप्प्यात गेला होता आणि ब्लडप्रेशरची गोळी बदलली होती. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या औषधांनी पोटॅशियम वाढू शकतं. आजारी माणसाला थंडावा म्हणून येणारे-जाणारे शहाळं आणत होते, घरात ते कमी सोडियमचं मीठ होतं, आणि चार दिवस पोट साफ नव्हतं. बद्धकोष्ठतेनंही पोटॅशियम वाढतं हे तेव्हा माहीत नव्हतं. एका रात्री तिला पायांत जोरच वाटेना. हॉस्पिटलमध्ये आकडा आला ६.३. पोटॅशियम एवढं वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तातडीनं उपचार झाले आणि ती घरी आली. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. आम्ही ते मीठ फेकलं आणि शहाळ्याला हात जोडले. त्या रात्री मला जे कळलं ते तुम्हाला आधी कळावं, यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

एका मोठ्या शहाळ्यात दीड-दोन केळ्यांइतकं पोटॅशियम असतं. पोटॅशियम वाढलेल्या माणसानं सांभाळायच्या इतर गोष्टी: केळं, संत्र्या-मोसंबीचे रस, खजूर, मनुका, जर्दाळू आणि सगळाच सुका मेवा, बटाटा, रताळं, सुरण, टोमॅटोची प्युरी, पालक, अळू, शेवग्याचा पाला, गूळ, नाचणीचं सत्त्व. पौष्टिक म्हणून लोक प्रेमानं घेऊन येतात ते बरंचसं यातच मोडतं. आणणाऱ्याचा मान ठेवा, घ्या, आणि घरातल्या मुलांना द्या.

चालणारं त्याहून जास्त आहे. दुधी, दोडका, पडवळ, घोसाळं, तोंडली, कोबी, काकडी, ढोबळी मिरची. फळांत सफरचंद, पेअर, अननस, जांभळं, एका वेळी एक छोटी वाटी. हापूस? पोटॅशियम आटोक्यात असेल आणि साखर सांभाळलेली असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन फोडी. आमरसाची वाटी नाही.

भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. कुकरमध्ये ते पाणी भाजीतच राहतं, म्हणून इथं पातेलं बरं. बटाटा सोला, पातळ काचऱ्या करा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळू द्या, पाणी गढूळ होईल ते ओतून द्या आणि मग फोडणीला टाका. निम्म्याच्या आसपास पोटॅशियम जातं. सालासकट अख्खा उकडलेला बटाटा मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणून पावभाजी आणि वड्यातला बटाटा यात बसत नाही. पालेभाजीही अशीच उकडून, पिळून. डाळी-कडधान्यं भिजवलेलं पाणी फेका, दुसऱ्या पाण्यात शिजवा. हे सगळं पोटॅशियम वाढलेलं असेल तरच करायचं, कारण त्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात.

आणि एक फळ किडनीच्या कुठल्याही पेशंटनं अजिबात खायचं नाही. कमरक, म्हणजे स्टारफ्रूट. शाळांबाहेर, हातगाडीवर तिखट-मीठ लावून मिळतं ते. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, फिट्स येतात आणि जीवही जाऊ शकतो. एक फोडही नको, रसही नको.

डायबेटिसच्या पेशंटची साखर अचानक उतरली तर सवयीनं संत्र्याचा रस देऊ नका. तीन चमचे साखर घोटभर पाण्यात विरघळवून द्या. किडनी कमजोर झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे साखर उतरण्याचे प्रसंग वाढतात. तसं होऊ लागलं तर डोसबद्दल लगेच डॉक्टरांशी बोला.

पाचवं पाऊल: फॉस्फरस, पाकिटाच्या मागच्या बाजूला

फॉस्फरस वाढला की अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. डाळी-धान्यांतला फॉस्फरस शरीर पूर्ण शोषत नाही. दूध, मांस, मासे यांतला त्याहून जास्त शोषला जातो. आणि कारखान्यात घातलेला जवळजवळ सगळाच. म्हणून डाळीला घाबरण्याआधी पाकिटं तपासा. पदार्थात वरून घातलेल्या रसायनांना आयएनएस क्रमांक असतात, त्यांत ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे आकडे दिसले की फॉस्फेट आहे असं समजा. काळी कोल्ड्रिंक्स, प्रोसेस्ड चीज, नगेट्स-सॉसेज, काही केक, पॅकबंद गोठवलेली कोळंबी यांत ते सापडतं. मांदेलीसारखी काट्यासकट खाल्ली जाणारी मासळी आणि खव्याची मिठाई हीही कमीच.

फॉस्फरस बांधणारी गोळी दिली असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची. आई सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम घ्यायची, म्हणजे ती गोळी वायाच जात होती. आता ती डब्यात नसते. ताट वाढताना भाताच्या शेजारी ठेवते.

पाणी किती?

सुरुवातीच्या टप्प्यात, अंगाला सूज नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं नसेल, तर पाणी तोडू नका. बादलीभर पिऊन किडनी 'धुऊन' निघते हेही खरं नाही. तहान लागेल तसं प्यावं.

डायलिसिसवर मात्र मोजावं लागतं. आदल्या दिवशी जितकी लघवी झाली त्यात साधारण ५०० मिली मिळवायचे, तेवढी दिवसाची मर्यादा. तुमचा नेमका आकडा डॉक्टर सांगतील. चहा, ताक, आमटीचं पाणी, बर्फ, औषधांबरोबरचे घोट, सगळं यात धरायचं. आम्ही सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरतो. आईनं कटिंग चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यातलंच थोडं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये जातं, कारण एक खडा तोंडात ठेवला की घोटापेक्षा जास्त वेळ पुरतो. तहान भागत नसेल तर पाण्याआधी मीठ तपासा. बहुतेकदा आदल्या दिवशी काहीतरी खारट गेलेलं असतं.

दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं एक किलो म्हणजे अंगात साठलेलं साधारण एक लिटर पाणी. आठवड्यात तीन डायलिसिस असले तर एकदा दोन दिवसांचा खंड पडतोच. तेच दिवस सगळ्यात जपायचे, आणि लग्नकार्याची आमंत्रणं नेमकी तेव्हाच येतात.

उपास, सण आणि बाहेरचं खाणं

संकष्टी-एकादशी आणि श्रावण कसा करायचा, हे बहुतेक बायका विचारतात. बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळं, खजूर असं उपासाचं ताट पोटॅशियमनं भरलेलं असतं. पण साबुदाणा स्वतः निव्वळ पिष्ट. प्रथिनं नाहीत, पोटॅशियम नाही म्हणून बाकीचे त्याला नावं ठेवतात, आणि आपल्या माणसाला नेमकं तेच सोयीचं पडतं. बटाटा वगळून, कूट एखादाच चमचा घालून, जिरं-मिरची-तुपाची खिचडी करा. वरीचे तांदूळही चालतात. डायबेटिस असेल तर दोन्ही बेतानं. निर्जळी उपास करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच नको.

बाहेर खायची वेळ आली तर मिसळ, पावभाजी, चायनीज यांपेक्षा इडली-चटणी किंवा साधा डोसा बरा. सांबार थोडंच. घरचा डबा सगळ्यात चांगला, आणि या शहरात डबा नेण्यात कुणाला संकोच वाटायचं कारण नाही.

अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून स्वतःहून गोळ्या आणू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किडनीला आणखी इजा करतात. 'किडनी पूर्ण बरी करणारे' काढे, भस्मं, मुळ्या कुणी दिल्या तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नका.

कधी थांबायचं नाही

हातापायांत अचानक अशक्तपणा, छातीत धडधड किंवा ठोके चुकल्यासारखं वाटणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, लघवी एकदम कमी होणं, गुंगी, न थांबणाऱ्या उचक्या. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, तात्काळ हॉस्पिटल गाठा. उलट्या-जुलाब होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा.

पहिल्या पावलातला तो आकड्यांचा कागद आणि चालू औषधांची यादी आमच्याकडे फ्रिजच्या दारावर लावलेली असते. त्या मे महिन्यातल्या रात्री हॉस्पिटलमध्ये पहिले प्रश्न त्यातलेच आले होते, आणि मी पिशवी उपसत बसले होते. पुढच्या वेळी निघालो तेव्हा तो कागद दारावरून काढला आणि आईच्याच हातात दिला.